आजोबा शाळेत गेले नाहीत, त्याचा भुर्दंड नातीला

रमजानचे पहिले दहा-बारा रोजे झाले की मोहल्ल्यामोहल्ल्यांत जकातीचे हिशेब सुरू होतात. मराठी माणसाला जकात म्हटले की गावाच्या वेशीवरचा नाका आणि थांबलेल्या ट्रकची रांग आठवते. इथली जकात वेगळी. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती वर्षभर हाती राहिली, तर तिचा अडीच टक्के हिस्सा गरजूंना देणे ऐपतदार मुसलमानावर बंधनकारक असते. ती रमजानमध्येच काढली पाहिजे असे नाही, पण बहुतेक घरे याच महिन्यात काढतात. पूर्वी मागणाऱ्यांच्या गरजा ठरलेल्या असत: धान्य, औषध, मुलीचे लग्न. आता त्यांत नर्सिंगची फी, फार्मसीचा पहिला हप्ता, वसतिगृहाची अनामत अशी कारणेही येतात. यंदा तर रोजे आणि दहावी-बारावीच्या परीक्षा एकत्रच आल्या. पहाटे सहेरीला उठलेली मुले तेच दिवस अभ्यासाला लावतात आणि दुपारी उपाशीपोटी पेपर लिहून येतात. निकालानंतर काय, याची चिंता त्यांच्या घरात आत्ताच सुरू झालेली असते.

फी जकातीतून भरता येते. जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र मात्र कोणाच्या जकातीतून मिळत नाही, आणि गरीब मुसलमान घरातली हुशार मुले आज जिथे अडतात त्या जागांपैकी एक जागा तीच आहे.

मुसलमानाला जातीचा दाखला कशाला, असा प्रश्न शेजारच्या वाचकाला पडेल. अनेक मुसलमानांनाही तो पडतो. महाराष्ट्रातील इतर मागासवर्गीयांच्या यादीत मुसलमान हा शब्द जात म्हणून नाही. त्या यादीत तांबोळी आहेत, अत्तार, मणियार, बागवान, पिंजारी, मोमीन, मुलाणी आहेत. म्हणजे पाने विकणारे, अत्तर विकणारे, बांगड्या भरणारे, फळभाजी विकणारे, कापूस पिंजणारे, माग चालवणारे. छप्परबंद विमुक्त जातींत आहेत. हे सगळे धर्माने मुसलमान आणि धंद्याने, राहणीने, गरिबीने शेजारच्या हिंदू कारागिराचे सख्खे भाऊ. मंडल आयोगानंतर या जातींना प्रत्यक्षात दाखले मिळावेत म्हणून जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. अभिनेते दिलीपकुमार तिच्या व्यासपीठावर आले, गावोगाव फिरले. १९९४ मध्ये राज्य सरकारने मुस्लिम ओबीसींना सवलती देण्याचा निर्णय काढला. आज राज्यातले जे मुस्लिम तरुण आरक्षित जागेवरून अभियंते, डॉक्टर, शिक्षक झाले, ते बहुतांशी याच दाराने आत आले आहेत. धर्माच्या आधारावरील आरक्षणाची चर्चा टीव्हीवर जोरात चालते, पण या शांत दाराबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

दार आहे, पण त्याची कडी फार उंच लावलेली आहे.

एक तांबोळी मुलगी समजा. बारावी विज्ञानाला आहे, सीईटी देणार आहे. जातीचा दाखला प्रांत कार्यालयाकडून मिळतो आणि वैधता प्रमाणपत्र जिल्हा जात पडताळणी समितीकडून. ओबीसीसाठी मानीव दिनांक आहे १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेपूर्वी तिचे कुटुंब महाराष्ट्रात राहत होते आणि तांबोळी होते, हे दोन्ही तिला कागदाने दाखवायचे आहे. तिचा जन्म २००८ चा. वडील १९७५ नंतर जन्मलेले, म्हणजे त्यांचा शाळेचा दाखला कितीही स्वच्छ असला तरी तारखेच्या अलीकडचा. पुरावा हवा तो आजोबांचा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा. आजोबा १९५५ च्या सुमारास शाळेत जायला हवे होते. ते पानाची टोपली डोक्यावर घेऊन बाजारात जात होते.

१९६१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण होते साधारण २८ टक्के. म्हणजे दहापैकी सात माणसांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि या सातांत कारागीर, भटके, अस्पृश्य आणि आदिवासी सर्वांत जास्त होते. मागासलेपण म्हणतात ते हेच. पिढ्यान् पिढ्या शाळेबाहेर राहिलेल्यांसाठी सवलत द्यायची आणि ती देताना पिढ्यांपूर्वीचा शाळेचाच कागद मागायचा, ही या व्यवस्थेतली मोठी विसंगती आहे. ज्या घरातले आजोबा शिकले, त्या घरातल्या नातीला दाखला लवकर मिळतो. जे घर सर्वांत मागे होते, तेच सर्वांत उशिरा आत येते, किंवा येतच नाही.

पडताळणीत वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यातील कोणाला आधी वैधता मिळालेली असेल, तर काम पुष्कळ सोपे होते. ही तरतूद चांगली आहे. पण तिचा अर्थ असाही होतो की घराण्यातून पहिल्यांदा पुढे जाणाऱ्याने सगळा डोंगर एकट्याने चढायचा. आईकडचे कागद चालत नाहीत. मामा शिक्षक असो, आजोळच्या तीन पिढ्यांचे दाखले फायलीत लावलेले असोत, जात वडिलांकडून धरली जाते.

मुसलमान घरात याच्यावर आणखी एक गाठ बसते. समजा, आजोबा शाळेत गेले होते. जुने रजिस्टर सापडलेही. जातीच्या रकान्यात लिहिले आहे: मुसलमान. संपले.

हा शब्द तिथे कसा आला याचा विचार करण्यासारखा आहे. कधी गुरुजींनी नाव ऐकले आणि विचारण्याचे कारणच पाहिले नाही. कधी पोराचा हात धरून आलेल्या बापानेच तसे सांगितले, कारण मशिदीत सगळे एका रांगेत उभे राहतात, तिथे तांबोळी-पिंजारी असे कोणी विचारत नाही. त्या बापाला आपण पिंजारी आहोत हे सांगायची लाज वाटत असेल, किंवा मुसलमान आहोत हे सांगायचा अभिमान वाटत असेल. दोन्ही खरे असू शकते. समतेचा धर्म मानणाऱ्या माणसाने जात लिहिली नाही, त्याचा भुर्दंड सत्तर वर्षांनी त्याची नात भरते आहे. त्यातच अनेकांचे आडनाव बदलून शेख झालेले असते. शेख म्हटले की अधिकाऱ्याच्या कपाळावर आठी येते आणि तिला उत्तर देणारा कागद घरात नसतो.

इथे मुस्लिम समाजातल्या शिकलेल्या, खानदानी म्हणवणाऱ्या मंडळींनाही दोष द्यायला हवा. इस्लाममध्ये जात नाही, हे वाक्य ते मोठ्या आवाजात म्हणतात. धर्मग्रंथात नाही हे खरे. लग्न जुळवताना असते, हे त्याहून खरे. बिरादरीबाहेर मुलगी न देणाऱ्या माणसाने सरकारी रकान्यात मात्र जात लिहू नका, असा सल्ला गरिबाला द्यावा, यात धर्म कमी आणि सोय जास्त आहे.

अडचण फक्त मुसलमानांची नाही. विमुक्त आणि भटक्या जातींसाठी मानीव दिनांक २१ नोव्हेंबर १९६१ आहे. वैदू, कैकाडी, पाल पारधी यांचे आजोबा त्या साली कोणत्या गावच्या शाळेत होते, असे विचारणे म्हणजे थट्टाच. ते कोणत्याच गावचे नव्हते. गावाबाहेर पाल टाकायचे आणि पोलीस पाटलाने हटकले की पुढचा रस्ता धरायचा, अशी ती जिंदगी. त्यांच्यातलेच छप्परबंद नमाज पढतात आणि वैदू देवीची पूजा करतात, एवढाच फरक. पडताळणीच्या खिडकीसमोर दोघांचा हात सारखाच रिकामा असतो. हा प्रश्न धर्माच्या चष्म्यातून पाहू नये, असे म्हणण्याचे कारण हेच आहे.

एक बाजू आणखी आहे आणि ती नाकारून चालणार नाही. खोटे दाखले हे महाराष्ट्रातले जुने दुखणे आहे. आदिवासींच्या जागा नामसाधर्म्याच्या आधाराने भलत्यांनीच बळकावल्या, त्यातून खटले झाले आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली. पुढे राज्याने त्यासाठी कायदा केला. पडताळणी काढून टाका, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. ती गेली तर सर्वांत आधी लुबाडला जाईल तो खराखुरा पिंजारी आणि खराखुरा पारधी. कायद्याच्या कलम ८ नुसार जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. तेही समजण्यासारखे आहे. प्रश्न एवढाच की पुरावा शोधण्याचा भारही संपूर्ण अर्जदारावरच का? सिद्ध करणे आणि शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी दप्तरे सरकारच्या ताब्यात आहेत. शाळांची रजिस्टरे, कोतवाल बुके, गाव नमुना १४ मधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, फेरफार, नगर भूमापनाचे उतारे, सगळे सरकारच्या कपाटांत. अठरा वर्षांच्या मुलीने सीईटीचा अभ्यास सोडून एकेका कपाटासमोर अर्ज घेऊन उभे राहायचे आणि मोडी लिपी वाचणारा माणूस स्वखर्चाने शोधायचा, हा कुठला न्याय?

सरकारला हे शोधकाम जमत नाही, असे आता म्हणताही येणार नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आधी मराठवाड्यापुरता, मग राज्यभर. महसूल, शाळा, भूमी अभिलेख, पोलीस, कारागृह, उत्पादन शुल्क अशा कितीतरी खात्यांची दप्तरे उघडली गेली. मोडी वाचणारे बसवले, उर्दू-फारसी जाणणारे बसवले, हैदराबादपर्यंत माणसे गेली. ५४ लाखांहून अधिक कुणबी नोंदी सापडल्याचे सरकारने जाहीर केले आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्या चढवल्या. ज्या शेतकऱ्याच्या पोराला आपल्या पणजोबाची नोंद कुठे आहे हे आयुष्यात कळले नसते, त्याला ती गावाच्या नावासह मिळाली. त्या आरक्षणाच्या राजकारणावर प्रत्येकाचे मत वेगळे असेल. पण कामाची ही पद्धत उत्तम आहे, आणि ती एका समाजापुरती ठेवण्याचे कोणतेही कारण नाही. आंदोलनाचे बळ होते म्हणून तिथे दप्तरे उघडली. छप्परबंदांचा मोर्चा काही मुंबई अडवू शकत नाही, म्हणून त्यांची दप्तरे बंद राहावीत काय?

गंमत अशी की कुणबी नोंदी शोधताना जी पाने उलटली गेली, त्याच पानांवर तांबोळी, मोमीन, वैदू, कैकाडी यांच्याही नोंदी असणार. हात त्यांच्यावरून फिरून गेला, कारण यादीत शोधायचा शब्द दुसरा होता. मराठवाड्यातली निजामकाळची उर्दू-फारसी दप्तरे तर या कामासाठी खाणच ठरतील.

अल्पसंख्याक समाजाच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी मार्टी ही स्वायत्त संस्था स्थापन करायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या धर्तीवर. स्पर्धा परीक्षांचे वर्ग, शिष्यवृत्त्या हे सगळे या संस्थेने करावेच. पण पहिले काम म्हणून तिने नोंदींचा शोध हाती घेतला, तर पुढची कामे निम्मी होतील. महाज्योतीने भटक्या-विमुक्तांसाठी तेच करावे. दोघींनी मिळून केले तर अधिक बरे, कपाटे तीच आहेत. आणि जिथे शाळेची नोंद नाहीच, तिथे धंद्याची नोंद, घरपट्टीच्या वहीतले आडनाव, जुने बाजार परवाने हे एकत्र पाहून निर्णय घ्यावा. समितीकडे दक्षता पथक आहे, गृहचौकशीची सोय आहे. ती अर्जदाराला उघडे पाडण्यापुरती न वापरता त्याची बाजू शोधण्यासाठीही वापरता येते.

आता कोणी म्हणेल, ओबीसी नाही तर आर्थिक दुर्बल घटकांतून अर्ज करा, २०१९ पासून दहा टक्के आहेत. तिथे अट अशी की जो आधीच्या आरक्षणात बसतो त्याला ते मिळत नाही. तांबोळी यादीत आहे, म्हणून त्याला दुर्बल घटकाचा दाखला नाही. आणि तो तांबोळी आहे याचा कागद नाही, म्हणून ओबीसीची वैधता नाही. दोन दारांच्या मधल्या व्हरांड्यात ही मुले उभी आहेत. खुल्या प्रवर्गातून प्रवेश घेतला तर कमी उत्पन्नाच्या घरांसाठी फी सवलतीच्या योजना आहेत, मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण सवलतही आहे. पण सवलत जागा मिळाल्यावर. सरकारी महाविद्यालयातली जागा काही गुणांनी हुकते आणि मग प्रश्न फीचा उरत नाही. आयटीआयमध्येही तेच. घरात तीन पिढ्या हातोडी-कानस चालवणाऱ्या मुलाला फिटरच्या तुकडीत आरक्षित जागा मागायची तर आधी दाखला दाखवावा लागतो.

केंद्राच्या शिष्यवृत्त्यांचे काय झाले, हे थोडक्यात सांगता येईल. २००८ मध्ये सुरू झालेली अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२ पासून फक्त नववी-दहावीपुरती उरली. संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिप त्याच वर्षी बंद झाली. एकेक आधार निघत असताना ओबीसीचे दार अधिक महत्त्वाचे होत गेले, हे आकडेवारीशिवायही कळते.

आकडा द्यायचाच तर एक पुरे. राज्य सरकारनेच नेमलेल्या महमूदुर रहमान समितीने २०१३ च्या अहवालात महाराष्ट्रातील मुस्लिमांमध्ये पदवीधर अवघे २.२ टक्के असल्याचे नोंदवले. २००१ च्या जनगणनेत राज्यातल्या मुस्लिमांची साक्षरता राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित वरच होती. म्हणजे मुले शाळेत जातात, वाचायला शिकतात आणि वरच्या पायऱ्यांवर गळतात. ही गळती बापाच्या निष्काळजीपणाने होते, असे म्हणणे सोपे आहे. दाखल्याच्या फायली पाहणारा तसे म्हणणार नाही.

शंभर वर्षांपूर्वी याच मातीत दुसरी रीत होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आगेमागे त्यांनी जातीजातींची वसतिगृहे उभी करायला पाठबळ दिले: १९०१ मध्ये मराठ्यांचे आणि जैनांचे, १९०६ मध्ये मुस्लिम मुलांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. राजा स्वतः समाजाच्या पुढाऱ्यांना बोलावून घेत असे, पोरे पाठवा म्हणत असे. वसतिगृहात आलेल्या पोराला आजोबा कोणत्या शाळेत होते असे विचारले असते, तर एकही खोली भरली नसती.

येणाऱ्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे. १९३१ नंतर पहिल्यांदा प्रत्येकाला जात विचारली जाईल. गणनेला येणाऱ्या शिक्षकासमोर मुसलमान घरांनी धर्माच्या रकान्यात धर्म आणि जातीच्या रकान्यात आपली बिरादरी स्पष्ट सांगावी. पिंजारी असेल तर पिंजारी, मोमीन असेल तर मोमीन. यात ईमानाला कोणताही धक्का लागत नाही. मात्र एक गैरसमज आधीच दूर व्हावा. जनगणनेतली व्यक्तिगत माहिती कायद्याने गोपनीय असते, ती पुरावा म्हणून कुठे दाखवता येत नाही. त्यातून समाजाची संख्या कळेल, कोणाच्या हाती दाखला पडणार नाही. दाखल्यासाठी जुनी पानेच लागणार.

म्हणून जमातींनीही काही काम उचलावे. जुन्या काझींच्या दप्तरांत निकाहाच्या नोंदी आहेत, काही कब्रस्तानांत दफनाच्या वह्या आहेत, दर्ग्यांच्या इनामाच्या सनदा आहेत. त्यांत नावापुढे धंदा लिहिलेला सापडतो. ही पाने कोणत्या समितीने किती मानावीत हा पुढचा प्रश्न. आधी ती वाळवीपासून वाचली पाहिजेत आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवली पाहिजेत. ईदनंतर कॉलेजच्या पोरांना मोकळा वेळ असतो आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो. शाळांना मे महिन्यात सुट्टी लागते. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांमधली १९६७ पूर्वीची रजिस्टरे त्या महिन्यात स्कॅन करायचा आदेश निघाला, तर जूनच्या पहिल्या पावसाआधी एका तालुक्याचे काम उरकेल. गळक्या खोलीतल्या कपाटात ती आणखी किती पावसाळे टिकतील हे मुख्याध्यापकांना विचारावे.